रातांबे मे महिन्यात, उद्योजकतेचा तास जूनमध्ये : सिंधुदुर्गातील एक प्रकरण अभ्यास

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या तृतीय वर्षाला, पाचव्या सत्रात, उद्योजकता विकास हा विषय शिकवला जातो. पहिल्या तासाला आणि शेवटच्या तासाला विद्यार्थ्यांकडून तीच प्रश्नावली दोनदा भरून घेण्याची तेथे पद्धत आहे. तिच्यातील मुख्य विधान असे : ‘पदवीनंतर नोकरी न करता स्वतःचा व्यवसाय सुरू करण्याचा माझा निश्चित विचार आहे.’ त्यापुढे १ ते ५ असे आकडे असतात आणि विद्यार्थ्याने आपल्या मताप्रमाणे एकावर खूण करायची असते. ज्या विद्यार्थिनीविषयी हे प्रकरण आहे, तिने जूनमध्ये ५ वर आणि ऑक्टोबरमध्ये २ वर खूण केली. वर्गातील सर्वांत चांगला प्रकल्प अहवाल तिचाच होता. इतरांचेही आकडे थोडेफार उतरले होते, पण ज्या मुलीला पूर्ण गुण मिळाले तिचाच विचार असा फिरावा, हे विभागाला खटकले आणि वार्षिक अहवालात ‘स्वयंरोजगारातील रुची घटली, अध्यापन पद्धतीचा फेरविचार आवश्यक’ असा शेरा लिहिला गेला.

हे प्रकरण अध्यापनासाठी रचलेले आहे. महाविद्यालय, गाव आणि व्यक्ती कोणा एकावर बेतलेल्या नाहीत. योजना, हंगाम आणि संशोधन यांविषयीची माहिती मात्र प्रत्यक्षातली आहे.

विद्यार्थिनीचे घर मालवणच्या किनाऱ्यापासून थोडे आत, डोंगराच्या उताराला लागून आहे. परड्यात आणि वरच्या भरड जमिनीवर रातांब्याची, म्हणजे कोकमाची, जुनी झाडे आहेत, ती कोणी मुद्दाम लावलेली नाहीत. आई आणि काकी दर वर्षी घरापुरती सोलं (रातांब्याच्या साली) सुकवतात, आगळ (मीठ घालून टिकवलेला रातांब्याचा रस) काढतात, उरलेली सोलं गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला तो म्हणेल त्या भावाने देतात. वडील थोडी शेती आणि मिळेल ते गवंडीकाम करतात. मोठे काका मुंबईत, भाऊ कंपनीत डोंबिवलीला. कोकणातल्या असंख्य घरांची रचना अशीच असते, त्यामुळे तिचे जूनमधले ५ हे कोणत्या विचाराने आले होते हे पाहण्यासारखे आहे. ‘मला मुंबईला जायचे नव्हते,’ एवढेच उत्तर तिने नंतर हा विषय शिकवणाऱ्या मॅडमना दिले. व्यवसाय करायचा होता म्हणून नव्हे, तर गावात राहायचे होते म्हणून तिने ५ वर खूण केली होती. प्रश्नावलीला हा फरक कळण्याची सोय नव्हती.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक वाटते. स्वयंरोजगार ही जणू महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना नव्याने करून दिलेली ओळख आहे, अशा थाटात हा विषय अनेक ठिकाणी शिकवला जातो. वास्तविक २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारातच होते. वर्गातल्या मुलामुलींचे आईवडील शेती करतात, होडी चालवतात, खानावळ चालवतात, रिक्षा चालवतात. या मुलांच्या दृष्टीने स्वयंरोजगार म्हणजे नोकरी न मिळालेल्याने करायची गोष्ट आहे, आणि ही समजूत त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर घरात पाहून बनवलेली आहे. या विद्यार्थिनीच्या काकांनी गणपतीत गावी आल्यावर प्रकल्पाविषयी ऐकून विचारले, ‘सरबत करूक बी.कॉम. कित्याक व्हया?’ प्रश्न टोचणारा असला तरी मूर्खपणाचा नाही. अभ्यासक्रमाने त्याचे उत्तर द्यायला हवे होते.

अहवाल कसा लिहिला गेला

जून ते ऑक्टोबर या सत्रात वर्गाने जे केले ते बहुतेक महाविद्यालयांत होते तेच : उद्योजकाचे गुण, लघुउद्योगांची व्याख्या, शासकीय योजना, जिल्हा उद्योग केंद्राची भेट आणि शेवटी प्रकल्प अहवाल. विद्यार्थिनीने कोकम प्रक्रिया निवडली. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, हे तिने अहवालाच्या मुखपृष्ठावरच छापले आणि बाटलीच्या लेबलच्या नमुन्यावर त्या मानांकनाचे बोधचिन्हही लावले. ते वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, ही गोष्ट तपासणाऱ्यांच्याही लक्षात आली नाही.

अहवालातील प्रकल्प खर्च होता दहा लाख रुपये. हा आकडा कोठून आला, हे विचारल्यावर मिळालेले उत्तर या प्रकरणाचा गाभा आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ही योजना २००८ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात ग्रामीण भागातील महिलेला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान मिळते, स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात, बाकी बँकेचे कर्ज असते. तेव्हा दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचे नव्हते. म्हणून प्रकल्प दहा लाखांचा. यंत्रांची कोटेशने त्या रकमेत बसतील अशी मागवली गेली : गर काढण्याचे यंत्र, वाफेवर चालणारी कढई, बाटल्या भरण्याचे यंत्र. रातांबे किती मिळतात, कोण विकत घेतो, कोणत्या भावाने, या प्रश्नांपासून सुरुवात करून खर्चापर्यंत यायचे सोडून अहवाल योजनेच्या मर्यादेपासून उलट मागे लिहिला गेला. हे एकट्या मुलीने केले असे नाही. प्रकल्प अहवाल लिहून देणाऱ्यांच्या हातातून बाहेर पडणारे कितीतरी अहवाल याच रीतीने तयार होतात आणि विद्यार्थी तीच रीत शिकतात.

आता हिशोब पाहू. दहा लाखांपैकी पन्नास हजार घरचे, साडेतीन लाख अनुदान, सहा लाख कर्ज. अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षे मुदत ठेवीसारखे बाजूला ठेवले जाते आणि प्रकल्प चालू राहिला तर नंतर कर्जात वळते होते. सहा लाखांचा पाच वर्षांचा हप्ता ११ टक्के व्याजाने दरमहा तेरा हजारांच्या घरात जातो. अहवालात हा हप्ता सहज भरला जात होता, कारण उत्पादन वर्षाला ३०० दिवस धरलेले होते आणि खेळते भांडवल एका महिन्याचे. कोकणात लहानाचा मोठा झालेला कोणीही येथे थबकेल. रातांबे मार्चअखेरीपासून पिकू लागतात, खरा भर एप्रिल-मेमध्ये असतो आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला की झाडावर उरलेले फळ वाया जाते. म्हणजे वर्षभर विकायचा माल सहा-सात आठवड्यांत करून ठेवावा लागतो. यंत्रे दहा महिने बंद राहतात आणि पैसा तयार मालात अडकून पडतो. या धंद्याला एका महिन्याचे नव्हे, जवळजवळ वर्षाचे खेळते भांडवल लागते. इतर पानांवर भरपूर मेहनत घेतलेल्या अहवालातील ही एक ओळ चुकीची होती आणि तिच्यावर बाकी सर्व उभे होते.

विद्यार्थिनीला हे ऑक्टोबरमध्ये नेमक्या शब्दांत सांगता येत नव्हते, पण जाणवत होते. त्याशिवाय दुसरी अडचण तिला स्पष्ट सांगता आली. शेड ज्या जमिनीवर उभारायची तिच्या सातबाऱ्यावर वडील, काका, आत्या आणि वारलेल्या दोन चुलत आजोबांच्या वारसांची नावे आहेत. त्यांपैकी बहुतेक मुंबईत, एक कुटुंब बडोद्याला. सर्वांचे संमतीपत्र मिळाल्याशिवाय बँकेकडे जाता येत नाही. वडिलांनी काकांना फोन करायचे टाळले. एका शेडमुळे भावकीत जुना विषय उकरला जाईल, अशी त्यांना भीती होती. सामाईक सातबारा हा कोकणातील स्वयंरोजगारापुढचा फार मोठा अडथळा आहे आणि तो पाठ्यपुस्तकातील ‘उद्योजकापुढील समस्या’ या प्रकरणात सहसा सापडत नाही.

उतरलेल्या आकड्याचा अर्थ

माणूस एखादी कृती करण्याचा इरादा का धरतो, याविषयी आइझेक आइझेन यांनी १९९१ मध्ये मांडलेली चौकट उद्योजकता शिक्षणाच्या अभ्यासात सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात तीन गोष्टी पाहायच्या असतात : ती कृती माणसाला स्वतःला कशी वाटते, जवळच्या माणसांना ती कशी वाटते, आणि ती आपल्याला जमेल असे त्याला किती वाटते. या विद्यार्थिनीच्या बाबतीत पहिली गोष्ट सत्रभर बदलली नाही. दुसरी गणपतीच्या आठवड्यात घसरली. तिसरी मात्र अभ्यासक्रमानेच घसरवली, कारण जूनमध्ये तिच्या मनातला व्यवसाय म्हणजे आईची बरणी होती आणि ऑक्टोबरमध्ये तो सहा लाखांचे कर्ज, तीन यंत्रे आणि डझनभर सह्या एवढा झाला होता.

शिक्षणानंतर इरादा उतरणे ही जगावेगळी गोष्ट नाही. नेदरलँड्समधील एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांना छोटी कंपनी चालवायला लावणाऱ्या कार्यक्रमाचा अभ्यास ओस्टरबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला, त्यात व्यवसाय सुरू करण्याचा इरादा कमी झालेला आढळला. त्याच वर्षी म्यूनिकमधील विद्यापीठाच्या सक्तीच्या अभ्यासक्रमाविषयी आलेल्या अभ्यासातही इरादा काहीसा कमी झाला होता, आपण कौशल्ये शिकलो असे मात्र विद्यार्थी सांगत होते. २०१४ मध्ये बे आणि सहकाऱ्यांनी ७३ अभ्यासांतील ३७,२८५ व्यक्तींची माहिती एकत्र केली, तेव्हा उद्योजकता शिक्षण आणि इरादा यांचा संबंध दिसला तो अगदी लहान, आणि शिकण्याआधीचा इरादा हिशोबात धरल्यावर तोही टिकला नाही. म्यूनिकच्या अभ्यासकांचा कल असा की, अशा अभ्यासक्रमातून विद्यार्थ्याला आपण या कामाला योग्य आहोत की नाही याची माहिती मिळते आणि काहीजण ‘नाही’ असे ठरवतात. ते ठरवणे तोट्याचे नसते.

विभागाने हा दुसरा अर्थ विचारात घेतला नाही, पण तो या प्रकरणाला जसाच्या तसा लावणेही मला योग्य वाटत नाही. विद्यार्थिनीला स्वतःविषयी खरी माहिती मिळाली असती तर तिने आकडा उतरवणे शहाणपणाचे ठरले असते. तिला मिळालेली माहिती स्वतःविषयीची नव्हती. ती एका चुकीच्या अहवालाविषयीची होती. त्याच वर्गातील एका विद्यार्थ्याने जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्येही ४ वर खूण केली. त्याच्या घरची होडी आहे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी संपली की तो वडिलांसोबत समुद्रात असतो आणि हंगामात पर्यटकांना फिरवतो. त्याच्यावर अभ्यासक्रमाचा काहीच परिणाम झाला नाही, चांगला नाही आणि वाईटही नाही.

मे महिना

सहाव्या सत्राची परीक्षा संपल्यावर, म्हणजे विषय संपून सहा महिने झाल्यावर, मॅडमच्या सूचनेवरून विद्यार्थिनीने घरच्या झाडांच्या रातांब्यांचे सरबत करून विकून पाहिले. गुण नव्हते, अहवाल नव्हता. फक्त रोजची वही लिहायची अट होती. कोकमाच्या सरबताच्या पाकाला सालीच्या दुप्पट साखर लागते. तिने दहा किलो साली घेतल्या, त्याला वीस किलो साखर. साली घरच्या असल्याने फुकट, साखरेलाच नऊशेच्या आसपास रुपये. बरणीत सालीचा थर, साखरेचा थर, रोज लाकडी डावाने ढवळणे, आठवड्याने गाळणे. आईच्या हातचा अंदाज वहीत उतरवताना पहिल्यांदा वजनकाटा वापरावा लागला, कारण ‘ओंजळभर’ हे माप बाटलीच्या किमतीत बसत नव्हते. बाटली, बूच आणि लेबल यांचा खर्च वेगळा झाला. लेबल छापण्याआधी खाद्य परवान्याची नोंदणी करावी लागते, हे ती अहवालात एका ओळीत लिहून मोकळी झाली होती. आता त्यासाठी सायबर कॅफेत बसावे लागले.

विक्रीचा अनुभव अधिक बोलका आहे. मे महिन्यात घरी आलेल्या चाकरमान्यांनी काही बाटल्या नेल्या आणि ‘आपलीच पोरगी’ म्हणून पैसे द्यायला विसरले. तारकर्लीकडच्या एका होमस्टेच्या मालकिणीने एक खोका ठेवून घेतला आणि सांगितले, ‘पैसे चवथीनंतर देतंय.’ उधारी हा शब्द अहवालात कोठेच नव्हता. तिसऱ्या ठिकाणी, रस्त्यालगतच्या एका खानावळीत, मालकाने सरबताची बाटली हातात घेतली, परत ठेवली आणि आगळ आहे का असे विचारले. सरबत उन्हाळ्यापुरते, सोलकढी मात्र त्याच्याकडे बाराही महिने, दोन्ही वेळच्या ताटात असते आणि तिला आगळच लागते. बाजारातून येते त्यात पाणी जास्त असते, अशी त्याची तक्रार होती. घरी आईने वर्षाचे काढून ठेवलेले आगळ होते. विद्यार्थिनीने त्यातले दोन लिटर दुसऱ्या दिवशी नेऊन दिले आणि रोख पैसे घेऊन आली.

या एका प्रश्नाने तिच्या व्यवसायाचे सगळे गणित बदलले. आगळाला साखर नको, मीठ लागते. म्हणजे भांडवलातील सर्वांत मोठा भाग गळून पडला. मिठामुळे ते वर्षभर टिकते. शोभेची बाटली नको, पाच लिटरचा कॅन चालतो. वाफेची कढई तर मुळातच नको. गिऱ्हाईक ठरावीक आणि परत येणारे. वहीच्या मागच्या पानावर तिने गावापासून मोटारसायकलने जाता येईल अशा अंतरावरील खानावळींची यादी केली आणि प्रत्येकीपुढे ‘महिन्याला किती’ हे विचारून लिहिले. प्रकल्प अहवालातील ‘बाजारपेठ सर्वेक्षण’ हे प्रकरण यापेक्षा किती तरी लांब होते, पण त्यात एकाही गिऱ्हाइकाचे नाव नव्हते.

काकांच्या प्रश्नाचे उत्तरही बहुधा याच पानावर आहे. आगळ काढायला बी.कॉम. लागत नाही, ते आईला येते. कोणत्या खानावळीला महिन्याला किती लागेल, त्यासाठी मेमध्ये किती रातांबे फोडावे लागतील, शेजाऱ्यांकडून घ्यावे लागले तर कोणत्या भावापर्यंत परवडेल आणि उधारी किती दिवसांची सोसेल, हे मांडायला लागते.

जूनमध्ये विद्यार्थिनी तालुक्यातील एका पतसंस्थेत लिपिक म्हणून लागली. आगळाचे काम तिने सोडले नाही. ते आई आणि काकीच्या हातांनी, तिच्या वहीने चालते. विभागाच्या नोंदीत ती ‘नोकरी’ या रकान्यात गेली, कारण दोन्ही करणाऱ्यासाठी तिसरा रकानाच नाही. नोकरी सांभाळून व्यवसाय सुरू करणाऱ्यांवर बरेच संशोधन झालेले आहे. अमेरिकेतील माहितीवर आधारलेल्या राफी आणि फेंग यांच्या २०१४ च्या अभ्यासात, आधी नोकरीबरोबर सुरुवात करून नंतर पूर्णवेळ व्यवसायात उतरलेल्यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता थेट उतरलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळली. अमेरिकेचा निष्कर्ष मालवणला लावताना जपून लावावा हे खरे, पण पतसंस्थेच्या पगारामुळे चवथीपर्यंतची उधारी झेपते, एवढे तर येथेही दिसते.

विभागापुढील निर्णय

प्राध्यापकांच्या बैठकीत दोन बाजू पडल्या. एका बाजूचे म्हणणे असे की, अभ्यासक्रम विद्यापीठाने ठरवलेला आहे, प्रकल्प अहवाल लिहिता येणे हेही कौशल्य आहे, आणि पाच-पंचवीस बाटल्यांच्या विक्रीला पदवीच्या अभ्यासक्रमात स्थान देणे हा विषयाचा अवमान आहे. दुसरी बाजू मॅडमची. जून ते ऑक्टोबर या काळात कोकणात आंबा नसतो, काजू नसतो, रातांबा नसतो, पहिले दोन महिने मासेमारीही बंद असते. ज्या जिल्ह्याचा सारा कच्चा माल मार्च ते मे या काळात हाताशी येतो, तेथे उद्योजकतेचा तास पावसाळ्यात ठेवल्यावर तो कागदावरच शिकवला जाणार. त्यांच्या मते विषय चौथ्या सत्रात, म्हणजे डिसेंबर ते एप्रिलमध्ये आणावा आणि क्षेत्रकार्याचा भाग द्वितीय वर्षानंतरच्या मे महिन्यात करून घ्यावा, म्हणजे विद्यार्थी तृतीय वर्षाला परत आल्यावर वहीवर चर्चा करता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या रचनेत क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक आहेत, तेव्हा जागा शोधावी लागणार नाही.

माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे, मात्र तिची एक अडचण मॅडमनीच पुढे ठेवली. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, घरे माणसांनी भरतात आणि मुलींचा सगळा वेळ चुलीपाशी जातो. या विद्यार्थिनीला सवड मिळाली ती काकी घरात होती म्हणून. ज्या घरात दुसरे बाईमाणूस नाही तेथील मुलीला क्षेत्रकार्य दिले तर ते मध्यरात्री होईल किंवा होणारच नाही, आणि मुलगे मात्र गुण घेऊन जातील. त्यावर असा मार्ग निघाला आहे की काम घरच्या माणसांसोबत केलेले चालेल, गुण विक्रीच्या रकमेला नव्हे तर वहीला दिले जातील, आणि प्रश्नावलीतील विधानाऐवजी तीन साधे प्रश्न विचारले जातील : पुढच्या हंगामात काय कराल, किती पैशांत, आणि कोणाला विकाल. नोकरीबरोबर करणार असल्यास तसे लिहायला जागा ठेवली आहे.

चौथ्या सत्राचे गुण मेच्या मध्यापर्यंत विद्यापीठाकडे पाठवावे लागतात आणि रातांब्याची वही जूनच्या पहिल्या पावसापर्यंत पुरी होत नाही. गुण पाचव्या सत्रात दाखवायचे की वही अर्धवट असतानाच तपासायची, यावर पुढच्या बैठकीत मतदान आहे.